कानाचं मशीन घालून डीजे वाजवता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा. वय ४३, इंदूरमध्ये १९ वर्षांपासून स्वतःची डीजे गाडी. लग्नं, बाना, संगीत, गणपती, रंगपंचमीची गेर (मिरवणूक), सगळं करतात. वर्षभर दोन्ही कानांत सतत 'सूं' वाजतंय, घरचे म्हणतात टीव्ही फार मोठा लावता. तपासणीत ४००० हर्ट्झला उजव्या कानात ६० आणि डाव्या कानात ५० डेसिबल आलं, २००० ला ३०, ८००० ला ४०, २००० च्या खाली सगळं ठीक. (आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी, आणि आलेखात रेघ तितकी खाली.) मशीन लावायला सांगितलंय. ते घालून वाजवता येईल का, की वाजवताना कानात आवाज अडवणारा प्लग घालायचा, आणि प्लग घातला तर मिक्सिंग कसं करायचं? शेवटी जाता जाता लिहिलंय की रविवारी रात्रीचं लग्न आटपून सोमवारी सकाळी अकरा वाजता तपासणी केली.

त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. मशीनचे पैसे अजून देऊ नका. मोठ्या आवाजातून बाहेर आलेला कान काही तास सुन्न असतो. रात्री कार्यक्रम संपल्यावर कानात कापूस कोंबल्यासारखं वाटतं ना, तेच ते. त्यातलं काही परत येतं, काही येत नाही, आणि सोमवारी सकाळी अकराला कुठलं किती हे कुणालाच सांगता येत नाही. तपासणीआधी निदान १४ तास कान शांत असावा लागतो. मी माझ्याकडे येणाऱ्या वाजवणाऱ्यांना दोन पूर्ण दिवस सुट्टी घ्यायला लावते. मंगळवार-बुधवार रिकामे ठेवा, गाडीची दुरुस्तीसुद्धा काढू नका, आणि गुरुवारी सकाळी परत तपासून घ्या. आकडा थोडा सुधारेल. किती, ते गुरुवारीच कळेल. पण तपासणीच्या आलेखाचा आकार बदलेल असं मला वाटत नाही. ४००० ला खड्डा आणि ८००० ला परत वर चढलेली रेघ, ही आवाजाने कान गेल्याची सही आहे. वयामुळे कान गेला तर रेघ शेवटपर्यंत उतरतच जाते.

खड्डा ४००० लाच का पडतो? कानाची नळी साधारण ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप वाढवून आत पाठवते, आणि आतल्या पेशींवर मार बसतो तो त्याच्या थोडा वर. त्या केसासारख्या पेशी माणसाच्या एका कानात पंधरा-सोळा हजार असतात. मेल्या की परत उगवत नाहीत. औषध नाही, तेल नाही, कुणी 'नसेची गोळी' दिली तरी नाही. उजवा-डावा दहाचा फरक आहे तो हेडफोन कुठल्या कानाला दाबून धरता त्यावरून, किंवा मॉनिटर (स्वतःला ऐकायचा स्पीकर) कुठल्या बाजूला असतो त्यावरून पडला असावा. तरी फरक आहे म्हणून एकदा कान-नाक-घसा डॉक्टरांनाही दाखवा. आणि ज्याच्याकडे तपासणी कराल त्याची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का ते विचारा. चांगला माणूस या प्रश्नाने रागावत नाही.

आता या आकड्यांचा तुमच्या धंद्यात अर्थ काय. बेस तुम्हाला पूर्ण ऐकू येतो, म्हणून तुम्हाला वाटतं कान शाबूत आहेत. गेलंय ते वरचं. 'स', 'श', 'थ', 'ख' ही अक्षरं तिथे राहतात. माझ्याकडे येणारा एक डीजेवाला फोनवर 'सात तारीख' ऐवजी 'आठ तारीख' ऐकून आठला बायपासवरच्या गार्डनमध्ये गाडी घेऊन पोचला होता, तिथे मंडपवाले कनाती सोडत होते. तो हसत सांगत होता, पण बयाणा परत द्यावा लागला तेव्हा हसला नसेल. दुसरी गोष्ट तुमचा हेल्पर तुम्हाला कधी सांगणार नाही. वरचं ऐकू येईना की माणूस मिक्सरवर 'हाय'ची, म्हणजे वरच्या सुरांची, खुंटी चढवतो. तुम्हाला आवाज आता कुठे मोकळा झाल्यासारखा वाटतो आणि समोरच्या पाहुण्यांचे कान किसले जातात. आजपासून हाय मधोमध ठेवा आणि कानावर विसंबून तिला हात लावू नका. पंचवीस वर्षांच्या आतला एखादा पोरगा टीममध्ये असेल तर साउंडचेकला त्याला मधल्या रांगेत उभं करा आणि तो म्हणेल ते ऐका. जरा अपमान वाटतो, ठीक आहे.

आता मूळ प्रश्न. कंसोलवर, म्हणजे वाजवताना, मशीन नको. कंसोलवर प्लग. बाकी सगळीकडे मशीन: घरी, फोनवर, गिऱ्हाइकाशी बोलताना, सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री उभं राहून गप्पा मारताना. हे दोन वेगळे नग आहेत आणि वेगळी कामं करतात. एकाच खिशात दोन डब्या राहतील अशी सवय करा.

हे मी चूक करून शिकले. पहिल्यांदा एका वाजवणाऱ्याला मशीन बसवलं तेव्हा ते बोलणं ऐकण्यासाठी उत्तम जुळवलं आणि खूश होऊन घरी पाठवलं. चार दिवसांनी तो आला. म्हणाला, शहनाई सुरू झाली की मशीन स्वतःच चिवचिव करतं, ढोल वाजला की पूर्ण गाणं खाली बसतं आणि मग फुगत वर येतं, आणि मोठा आवाज आला की सगळं फाटतं. मग त्याने ते काढून शर्टाच्या खिशात टाकलं आणि उरलेला कार्यक्रम उघड्या कानांनी केला. म्हणजे माझ्यामुळे त्या रात्री त्याच्या कानांचं जास्तच नुकसान झालं.

त्याच्या तिन्ही तक्रारी खऱ्या होत्या. मशीन शिट्टी मारू नये म्हणून आतमध्ये एक बंदोबस्त असतो, तो एकसारखा लांबलेला सूर पकडतो आणि दाबायला जातो. शहनाई, बासरी, हार्मोनियम हे त्याला शिट्टीच वाटतात. दुसरा बंदोबस्त गोंगाट कमी करण्याचा, तो संगीतालाच गोंगाट समजतो. त्यात मशीन लहान आवाज जास्त वाढवतं आणि मोठा कमी, तेही भराभर, म्हणून ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला गाणं खालीवर होतं. आणि फाटणं तर माईकनंतर लगेच होतं. जुन्या डिजिटल मशीनचा आत शिरणारा आवाज ९५ डेसिबलच्या आसपास छाटला जायचा. एकदा दारातच फाटलेला आवाज नंतर कितीही कमी केला तरी फाटकाच राहतो, हे तुम्हाला मी काय सांगावं, मिक्सरचा गेन लाल करून मास्टर खाली ओढला तर काय होतं ते तुम्ही रोज बघता. नवी मशीनं बरीच वरपर्यंत झेलतात. कॅनडातल्या टोरांटोचे ऑडिओलॉजिस्ट मार्शल चेसिन वाजवणाऱ्यांसाठी एक साधी युक्ती सुचवतात: मशीनच्या माईकच्या भोकांवर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, आत जाणारा आवाज दहाएक डेसिबल उतरतो आणि फाटणं थांबतं. मी कागदी सर्जिकल टेप वापरते. घरी पेटी-तबल्याच्या मैफलीला बसणाऱ्यांसाठी हे छान चालतं. डीजेच्या कंसोलसाठी नाही.

का नाही, तर तुमच्या रेघेला जे मशीन लागेल ते बहुधा कानामागे छोटा डबा, बारीक तार आणि नळीत जाळीदार मऊ टोपी, असं असेल. खालचे सूर शाबूत आहेत म्हणून ती टोपी मुद्दाम उघडी ठेवतात, नाहीतर स्वतःचा आवाज माठात बोलल्यासारखा घुमतो. उघडी टोपी म्हणजे बाहेरचा आवाज जसाच्या तसा आत. शंभर डेसिबलला मशीन जवळजवळ काहीच वाढवत नाही, वाढवायची गरजही नसते. मग ते तिथे करतं काय? अडवत नाही, मदत करत नाही. बंद करून घातलं तरी तो प्लग होत नाही. काहीजण मशीनचा स्विच बंद करून 'कान झाकलाय' म्हणून निर्धास्त राहतात, ते सोडा.

मशीन घेताना दोन प्रोग्राम मागा. एक बोलण्याचा. दुसरा संगीताचा: गोंगाट कमी करणं बंद, शिट्टीचा बंदोबस्त बंद किंवा अगदी मवाळ, माईक चारी दिशांना उघडा, आवाज दाबणं संथ. जुळवताना कानाच्या नळीत बारीक प्रोब घालून पडद्याजवळ नक्की किती आवाज पोचतोय ते मोजा असं सांगा. नुसता संगणकाने सुचवलेला आकडा टाकून 'कसं वाटतंय' विचारणं म्हणजे मोजमाप नव्हे. किमती एका कानाला वीस-पंचवीस हजारांपासून लाखांच्या घरात जातात. तुमच्या कामाला सर्वात महागातलं लागत नाही, वर सांगितलेल्या सोयी हाताने बंद करता येणारं लागतं. ब्लूटूथने गाणं थेट मशीनमध्ये येतं हे ऐकून खूश होऊ नका. ते ऐकायला ठीक, पण पुढचं गाणं जुळवायला निकामी, कारण आवाज उशिरा येतो आणि बीट बसत नाही.

आता प्लग, कारण तुमचं उरलेलं ऐकणं यावर आहे.

हिशेब असा. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्य संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. मी एकदा नातलगाच्या लग्नात मीटर घेऊन कंसोलजवळ उभी राहिले (घरच्यांनी आजतागायत ऐकवलंय), तिथे काटा १०१ ते १०३ मध्ये फिरत होता. आपण १०० धरू. चार तासांचा कार्यक्रम म्हणजे एका दिवसाच्या कोट्याच्या १६ पट. १५ डेसिबलचा प्लग घातला की १०० चे ८५ होतात आणि तेच चार तास अर्ध्या कोट्यात बसतात. पण मधेच मुलीचे मामा फर्माईश सांगायला आले, तुम्ही एका कानातला प्लग काढून बोललात, असं पाच-पाच मिनिटं तीनदा झालं, की त्या कानाचा दिवसाचा पूर्ण कोटा त्या पंधरा मिनिटांतच संपला. म्हणून प्लग काढून बोलायचं नाही. गंमत म्हणजे प्लग घालून बोलणं बऱ्याचदा जास्त समजतं, कारण फार मोठ्या आवाजात कान स्वतःच गुंगतो. मामांना स्पीकरच्या मागे घेऊन जा आणि मोबाईलवर गाण्याचं नाव टाइप करायला सांगा.

पीथमपूरच्या कारखान्यात काम करणाऱ्याला निदान कायदा तरी आहे. कारखान्यांसाठी आपल्याकडे ८ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, सेफ्टीवाला येऊन प्लग देतो, न घातला तर रागावतो. डीजे कुणाचाच कामगार नाही. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, हे शेजाऱ्यांच्या कानांसाठी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची मर्यादा सुचवली, ती मुख्यतः ऐकायला आलेल्यांसाठी. कंसोलमागच्या माणसासाठी कुणी पोलिस मीटर घेऊन येणार नाही.

फोमचे पिवळे-केशरी प्लग सियागंज बाजारात सेफ्टीच्या सामानात वीस-तीस रुपयांना मिळतात. वाईट नाहीत, पण ते वरचे सूर जास्त खातात आणि बेस येऊ देतात. तुमचे वरचे आधीच गेलेत, म्हणून तुम्हाला ते घातले की नुसती 'धप धप' उरते आणि दहा मिनिटांत तुम्ही काढून टाकता. तुम्हाला हवा तो सपाट फिल्टरचा प्लग, जो सगळे सूर सारखेच उतरवतो. अमेरिकेत मीड किलियन यांच्या एटिमोटिक कंपनीने १९८८ मध्ये वादकांसाठी असा १५ डेसिबलचा फिल्टर काढला. आता बऱ्याच कंपन्या करतात. फिल्टर ९, १५ आणि २५ चे मिळतात, साचा तोच, फिल्टर बदलता येतो. तुम्हाला लग्नासाठी १५, आणि कंसोल टॉपच्या, म्हणजे मुख्य स्पीकरच्या, अगदी जवळ असेल त्या दिवशी २५.

साचा कानाच्या मापाचा, सिलिकॉनचा करून घ्या. माप घेताना कानात आधी दोरा बांधलेला कापसाचा बोळा खोलवर ठेवतात, मग मऊ लगदा भरतात. त्या वेळी तोंड उघडं ठेवायला सांगतील, सांगितलं नाही तर स्वतःहून ठेवा. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो, आणि तुम्ही माईकवर ओरडणारे. तोंड मिटून घेतलेल्या मापाचा प्लग 'दूल्हे के दोस्त कहाँ हैं' म्हटल्याबरोबर सैल होतो आणि फटीतून पहिला आत शिरतो तो बेस. साचा नळीच्या दुसऱ्या वळणाच्या पुढे गेला पाहिजे, तरच स्वतःचा आवाज घुमत नाही. दोन्ही कानांचे मिळून काही हजार लागतात. तुम्ही गेल्या वर्षी जेल रोडवरून घेतलेल्या लेझर लाईटपेक्षा कमीच असावेत.

साचा येईपर्यंत फोम वापरा, पण नीट. बहुतेकजण तो बुचासारखा दाबून बाहेरच लटकत ठेवतात. आधी बोटांत वळून सुरकुती न पडता उदबत्तीच्या काडीइतका बारीक करा. मग दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, तेव्हा नळी सरळ होते. आत सरकवा आणि फुगेपर्यंत, तीसएक सेकंद, बोटाने धरून ठेवा. समोरून बघणाऱ्याला तो दिसता कामा नये. पाकिटावर तीसच्या आसपास डेसिबल छापलेले असतात, ते प्रयोगशाळेतले. गार्डनमध्ये त्याच्या निम्मे मिळाले तरी पुष्कळ.

प्लग घालून मिक्सिंग जमतं का? पहिले दोन-तीन कार्यक्रम जमणार नाही, आणि तेवढ्यावरच बरेचजण हार मानतात. साउंडचेकच्या आधी, अँप चालू व्हायच्या आधीच घाला. मधेच घातला तर आवाज अचानक मेल्यासारखा वाटतो, सुरुवातीपासून असला तर अर्ध्या तासात कान त्याला धरून चालतो. हेडफोन प्लगच्या वरूनच लावा. खुंटी नेहमीपेक्षा वर जाईल, घाबरू नका, पडद्यापर्यंत पोचतोय तो आवाज कमीच आहे. हेडफोन बाहेरचा आवाज चांगला अडवणारा, बंद कपाचा हवा. बाहेरचं जितकं आत येतं तितकं तुम्ही क्यू (हेडफोनमधला पुढच्या गाण्याचा आवाज) चढवता.

खरी मेख मॉनिटरची. बहुतेक सेटअपमध्ये डीजेला वेगळा मॉनिटरच नसतो, मग मुख्य टॉपचा आवाज ऐकू यावा म्हणून कंसोल दोन टॉपच्या मधे, त्याच रेषेत ठेवतात. कंसोल मागे घ्या. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल उतरतो, म्हणजे वेळेचा कोटा चौपट झाला. आणि मॉनिटर म्हणून एक छोटा स्पीकर कानाच्या उंचीवर, हातभर अंतरावर, हळू आवाजात ठेवा. गुडघ्याशी ठेवलेला मॉनिटर नेहमी मोठाच करावा लागतो.

गेरीचं मात्र सगळं वेगळं. राजवाड्याकडे सरकणाऱ्या गाडीवर, पाठीशी स्पीकरच्या डब्यांची भिंत, तिथे मागे सरकायला जागा नाही. त्या दिवशी १५ चा फिल्टर पुरत नाही. खोल बसवलेला फोम आणि वरून कारखान्यातले कानटोप, दोन्ही. दोन्ही लावून बेरीज होत नाही, एकापेक्षा पाचेक डेसिबलच जास्त मिळतात, पण तिथे पाचही मोलाचे. मिक्सिंगची नजाकत त्या दिवशी कुणी ऐकत नाही. मशीन घरी ठेवा, गुलाल आणि पाण्याच्या तोफा यांपैकी एकानेही ते संपेल. जनरेटरजवळ बसणाऱ्या पोरालाही प्लग द्या, आणि नवरदेवाचे चिमुकले भाचे सबवर (बेसच्या डब्यावर) बसून नाचतात त्यांना उतरवा. लोक फोटो काढत असतात, उतरवणारा कुणी नसतो.

मशीनची निगा सोपी आहे. रात्री सुकवणीच्या डबीत, घामाच्या दिवसांत रोज. टोकाची मळाची जाळी बंद झाली की मशीन 'बिघडलं' वाटतं, दहापैकी पाच वेळा तेवढंच असतं. सेलचं असेल तर ३१२ नंबरच्या सेलला तपकिरी आणि १३ नंबरच्या सेलला केशरी पट्टी असते, कागद काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मग बसवा.

कानातल्या 'सूं'वरही गोळी नाही. पण तुमच्यासारख्या रेघेला योग्य मशीन लावल्यावर बऱ्याच जणांचा तो आवाज दिवसा मागे पडतो, कारण कानाला ऐकायला दुसरं काही मिळतं. शांत खोलीत झोपताना तो जास्त जाणवतो, तेव्हा पंखा चालू ठेवा. आणि एखाद्या सकाळी उठलात आणि एक कान अचानक बंद, तर 'रात्रीच्या कार्यक्रमामुळे असेल' म्हणून बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर. त्यात उपचाराचा फायदा पहिल्या काही दिवसांतच असतो.

गुरुवारी तपासणीला जाताना तुमचा रोजचा हेडफोन बरोबर न्या, आणि कंसोल कुठे ठेवता त्याचा मोबाईलमधला एखादा फोटोही. हेडफोन कुठल्या कानाला लावता हे ते विचारणार नाहीत, तुम्हीच सांगा.